‘आपल्या रक्तातच शिस्त नाही’ हे खरं आहे का? नाशिकच्या द्वारका चौकापासून टोकियोपर्यंत ट्रॅफिकची गोष्ट

एक रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. जपानमधलं झेब्रा क्रॉसिंग. पाठीवर दप्तर घेतलेली चिमुरडी पोरं हात वर करून रस्ता ओलांडतायत. दोन्ही बाजूच्या गाड्या गपचूप थांबल्यात. पलीकडे पोहोचल्यावर पोरं मागे वळतात आणि ड्रायव्हरला वाकून नमस्कार करतात.

खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. ‘आपल्याकडे असतं तर मागून दहा हॉर्न वाजले असते.’ ‘हे संस्कार असतात भावा, विकत मिळत नाहीत.’ आणि सगळ्यात जास्त लाइक्स मिळवणारी कमेंट म्हणजे, ‘आपल्या रक्तातच शिस्त नाही.’

आता सकाळी साडेनऊला नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता इथे भेटतात. रिक्षा, सिटीबस, कांद्याचे ट्रक, कंपनीच्या बस आणि त्यांच्या मधल्या वीतभर जागेतून निघणाऱ्या दुचाक्या. सिग्नल सुटायच्या आधीच अर्धी गर्दी पुढे सरकलेली असते. दहा मिनिटं हे पाहिलं की ती कमेंट पटायला लागते.

पण ती कमेंट खरी आहे का? शिस्त खरंच रक्तात असते का? आज ज्या देशांचे रील आपण शेअर करतो, ते देश पन्नास वर्षांपूर्वी कसे होते? आणि तिथे जे बदललं ते नाशिकमध्ये बदलू शकतं का? एकेक करून बघू.

आधी आकडे बघून घेऊ

जपानची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास आहे. महाराष्ट्राचीही साधारण तेवढीच. त्यामुळे ही तुलना सोपी पडते.

२०२२ मध्ये जपानमध्ये रस्ते अपघातांत २,६१० लोक गेले. जपान हा आकडा अपघातानंतर २४ तासांत झालेल्या मृत्यूंवरून काढतो. जगभरात ३० दिवसांचा हिशोब धरतात. त्या हिशोबानेही जपानचा आकडा ३,२०० च्या आसपास जातो.

त्याच वर्षी महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात झाले आणि १५,२२४ लोक गेले. म्हणजे रोज एक्केचाळीस-बेचाळीस माणसं.

संपूर्ण भारताचा २०२२ चा आकडा १,६८,४९१ होता. दर तासाला १९ मृत्यू. २०२३ मध्ये तो आणखी वाढून पावणेदोन लाखांच्या जवळ गेला. २०२२ मध्ये गेलेल्यांपैकी साधारण ४४ टक्के लोक दुचाकीवर होते. हेल्मेट नसल्यामुळे गेलेल्यांची संख्या होती ५०,०२९.

म्हणजे आपण ज्याला ‘ट्रॅफिकचा वैताग’ म्हणतो, त्याची खरी किंमत ऑफिसला उशीर होणं ही नाही. ती किंमत कुणाच्या तरी घरात मोजली जाते.

‘बेशिस्त’ ट्रॅफिकलाही नियम असतात

आपला ट्रॅफिक वरून दिसतो तेवढा बेबंद नसतो. त्याचे स्वतःचे, कुठेही न लिहिलेले नियम आहेत आणि नाशिकमध्ये गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ आहेत.

ज्याच्या गाडीचं नाक आधी घुसलं, त्याचा रस्ता. मोठ्या गाडीला वाट द्यायची. मागच्याची काळजी मागचा घेईल, आपण समोर बघायचं. आणि हॉर्न म्हणजे ‘मी इथे आहे’ असं सांगणं. ट्रकच्या मागे वर्षानुवर्षं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असायचं ते काही उगाच नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये हे लिहायला बंदी घातली, कारण त्यातून विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. पाटी गेली, सवय राहिली.

एकच खूण दोन देशांत किती वेगळी असते बघा. आपल्याकडे समोरच्याने हेडलाइट मारला तर अर्थ होतो, ‘मी येतोय, थांब.’ ब्रिटनमध्ये अनेकदा त्याचाच अर्थ असतो, ‘तुम्ही आधी जा.’ जर्मनीत हॉर्न धोका सांगण्यासाठी ठेवलेला असतो. तिथे कारण नसताना हॉर्न दिला तर समोरच्याला तो शिवी दिल्यासारखा वाटतो.

व्हिएतनाममध्ये हनोईचा रस्ता ओलांडायची पद्धत तर पर्यटकांना शिकवावी लागते. स्कूटरचा लोंढा थांबत नाही. तुम्ही एका ठरावीक गतीने चालत राहायचं, मध्येच थांबायचं नाही, मागे यायचं नाही. स्कूटरवाले तुमच्या बाजूने वळून जातात. मेन रोडला किंवा रविवार कारंजाजवळ आपण थोडंफार हेच करतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण वेगात आहे.

नजरानजर करून, अंदाज घेऊन, खेटून जाण्याची ही पद्धत ताशी १५-२० किलोमीटरच्या वेगाला चालून जाते. फार तर आरसा मोडतो, दोन शिव्या होतात. तीच पद्धत घेऊन आपण महामार्गावर जातो तेव्हा चूक सुधारायला वेळच उरत नाही. २०२२ मध्ये देशात झालेल्या अपघाती मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाच्या खात्यात नोंदवलेले आहेत.

नाशिककरांना याची आठवण करून द्यायची गरज नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर हॉटेल मिरची चौकात यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी स्लीपर बस आणि मालवाहू वाहन यांची धडक झाली. बसने पेट घेतला आणि १२ प्रवासी गेले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, १३ जानेवारी २०२३ ला, सिन्नर तालुक्यातल्या पाथरेजवळ शिर्डीला निघालेली बस आणि ट्रकची धडक झाली. त्यात १० लोक गेले. अशा प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात. पण वेगात असलेल्या दोन वाहनांना एकमेकांचा अंदाज घ्यायला जागा उरत नाही, ही गोष्ट सगळीकडे सारखीच असते.

जपानही असाच होता

आता त्या रीलकडे परत येऊ.

१९७० मध्ये जपानमध्ये रस्त्यावर १६,७६५ लोक गेले होते. आजच्या महाराष्ट्राच्या आकड्यापेक्षाही जास्त, आणि तेव्हा जपानची लोकसंख्या आजच्यापेक्षा कमी होती. युद्धानंतर देश झपाट्याने श्रीमंत होत होता, घरोघरी गाड्या येत होत्या, पण रस्ते त्यांच्यासाठी बनलेले नव्हते. पादचारी आणि मुलं मरत होती. जपानी वर्तमानपत्रांनी या काळाला ‘ट्रॅफिकचं युद्ध’ असं नाव दिलं होतं.

मग काय झालं? १९७० मध्ये वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा आला. फूटपाथ, सिग्नल, गार्डरेल यांच्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला गेला. त्याआधी १९६२ मध्येच आणखी एक कायदा झाला होता. गाडी नावावर करायची असेल तर ती लावायला रस्त्याबाहेर जागा आहे, याचा दाखला द्यायचा. आजही बहुतेक भागांत हा नियम आहे. विचार करा, हा नियम उद्या कॉलेज रोडला लागू झाला तर किती गाड्यांची नोंदणी होईल?

दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलही जपान टप्प्याटप्प्याने कडक होत गेला. २००७ पासून तर पिणाऱ्या ड्रायव्हरला गाडी देणारा, त्याला दारू पाजणारा आणि माहीत असूनही त्याच्या गाडीत बसणारा, अशा सगळ्यांनाच शिक्षा होऊ शकते. पार्टीनंतर ‘अरे मी चालवतो, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मित्राला तिथले मित्र का थांबवतात, याचं एक उत्तर इथे आहे. थांबवलं नाही तर तेही अडकतात.

आणि झेब्रा क्रॉसिंगचं काय? इथे खरी गंमत आहे.

जाफ ही जपानमधली वाहनचालकांची मोठी संघटना. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा असेल तर किती गाड्या थांबतात, याची पाहणी ती दरवर्षी देशभर करते. कायद्याने थांबणं बंधनकारक आहे. २०१६ च्या पाहणीत थांबणाऱ्या गाड्या होत्या फक्त ७.६ टक्के. होय, बरोबर वाचलंत. शंभरातल्या ब्याण्णव गाड्या न थांबता निघून गेल्या. जपानमध्ये.

त्यानंतर जाफने प्रांतवार आकडे जाहीर करायला सुरुवात केली. कोणता प्रांत पहिला, कोणता शेवटचा, याच्या बातम्या झाल्या. तळाच्या प्रांतांची लाज निघाली, पोलिसांनी मोहिमा काढल्या. २०२३ मध्ये प्रमाण ४५ टक्क्यांवर पोहोचलं आणि २०२४ मध्ये ५० च्या पुढे गेलं.

सात वर्षांत लोकांचं रक्त बदलत नाही. पण सवय बदलली.

नेदरलँड्स: आईबाप रस्त्यावर उतरले तेव्हा

सायकलींचा देश म्हणून आपण नेदरलँड्सचे फोटो बघतो. तो देशही जन्मतः असा नव्हता. साठच्या दशकात तिथे गाड्यांसाठी रस्ते रुंद होत होते, सायकली मागे पडत होत्या. १९७१ मध्ये तिथे सुमारे ३,३०० लोक अपघातांत गेले आणि त्यात ४०० पेक्षा जास्त लहान मुलं होती.

अपघातात स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लेख लिहिला. त्याचा मथळा होता, ‘मुलांच्या हत्या थांबवा’. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, गल्ल्या अडवल्या. त्यातच तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं आणि सरकारलाही वेगळा विचार करावा लागला.

पुढे सायकलसाठी वेगळे मार्ग झाले. वस्त्यांमधले रस्ते मुद्दाम वळणाचे, अरुंद केले गेले, म्हणजे गाडी जोरात जाऊच शकत नाही. आता वर्षाला तिथे साधारण ७०० लोक अपघातांत जातात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डच लोकांनी ‘हळू चालवा’ अशा पाट्यांवर भरवसा ठेवला नाही. हळू चालवण्याशिवाय पर्यायच राहणार नाही, असा रस्ता बांधला.

लायसन्स मिळवणं किती अवघड आहे?

नाशिकच्या मायको सर्कलचं नाव ज्या कंपनीवरून पडलं, ती मायको म्हणजे आजची बॉश, मूळची जर्मन कंपनी. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने आपल्याकडून बरीच मुलं जर्मनीला जातात. तिथे पोहोचल्यावर त्यांना एक धक्का बसतो. भारताचं लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून फक्त सहा महिने चालतं. त्यानंतर जर्मन लायसन्स हवं असेल तर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा पुन्हा द्यायच्या.

तिथल्या माणसाला पहिल्यांदा कारचं लायसन्स काढायचं असेल तर काय करावं लागतं? दीड-दीड तासाचे १४ थिअरीचे वर्ग. प्रथमोपचाराचा कोर्स. नेहमीच्या सरावाशिवाय १२ खास फेऱ्या सक्तीच्या, त्यात पाच शहराबाहेरच्या रस्त्यावर, चार ऑटोबानवर आणि तीन अंधारात. खर्च अडीच-तीन हजार युरोंच्या घरात, म्हणजे आपल्या हिशोबाने दोन-अडीच लाख रुपये आणि त्याहूनही पुढे. एवढं करून लेखी परीक्षेत दहापैकी साधारण चार जण नापास होतात.

आता तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारा, लायसन्सच्या परीक्षेत कोण नापास झालं होतं?

यावर भारतात एक गाजलेला अभ्यास झालाय. मारियान बर्ट्रांड, सिमियन जॅन्कोव्ह, रेमा हन्ना आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत लायसन्स काढणाऱ्या ८२२ जणांचा माग घेतला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लायसन्स मिळालेल्यांपैकी साधारण ६० टक्के लोकांनी ड्रायव्हिंगची परीक्षाच दिलेली नव्हती. सरकारी फीच्या दुपटीहून जास्त पैसे सरासरी खर्च झाले होते, त्यातला मोठा वाटा एजंटचा. आणि संशोधकांनी स्वतंत्र परीक्षा घेतली तेव्हा निम्म्याहून जास्त लायसन्सधारकांना गाडी चालवता येत नव्हती.

तेव्हापासून बरंच काही ऑनलाइन झालंय. पण मूळ प्रश्न उरतोच. लायसन्स म्हणजे एक ओळखपत्र, असं आपण धरून चाललोय. गोल सर्कलमध्ये आधी कुणी जायचं? सिग्नल नसलेल्या चौकात कुणाला वाट द्यायची? आपल्याकडे याचे लेखी नियम आहेत. सारख्या दर्जाचे रस्ते भेटत असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, सर्कलमध्ये आधीच शिरलेल्या गाडीला प्राधान्य. पण हे कुणी शिकवलंच नसेल तर माणूस आजूबाजूला बघून शिकतो. आणि आजूबाजूला ‘नाक आधी घुसव’ चालू असतं.

दंड किती, यापेक्षा तो होणार का?

संस्कृती विरुद्ध कायदा या वादाची सगळ्यात भारी परीक्षा न्यूयॉर्कमध्ये झाली आणि तीही ठरवून केलेली नव्हती.

तिथे संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय आहे. जगभरातले राजनैतिक अधिकारी तिथे राहतात. २००२ पर्यंत त्यांना चुकीच्या पार्किंगचा दंड भरण्याची सक्ती करता येत नव्हती. म्हणजे शहर एक, रस्ते तेच, नियम तेच आणि शिक्षा कुणालाच नाही. कोण काय करतं, ते बघायची नामी संधी.

रे फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ च्या नोंदी तपासल्या. दीड लाखांहून जास्त पावत्या न भरता पडून होत्या. स्वीडन, नॉर्वे, कॅनडा यांच्या खात्यावर एकही नाही. कुवेतच्या प्रत्येक अधिकाऱ्यामागे जवळपास अडीचशे.

म्हणजे ‘संस्कृती असते’ म्हणणाऱ्यांचंही बरोबर आहे. माणूस आपल्या देशाच्या सवयी बॅगेत भरून नेतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००२ च्या अखेरीस न्यूयॉर्कला अधिकार मिळाला की दंड थकवणाऱ्यांच्या गाडीची राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायची. थकीत पावत्यांचं प्रमाण तब्बल ९८ टक्क्यांनी खाली आलं. माणसं तीच होती. शिक्षा होणार, हे पक्कं झालं होतं.

दुबईत गेलेला आपला मराठी माणूस सिग्नल का तोडत नाही, याचं उत्तरही हेच आहे. तिथे लाल सिग्नल तोडला तर हजार दिऱ्हॅम दंड, १२ ब्लॅक पॉइंट आणि गाडी महिनाभर जप्त. २४ पॉइंट झाले की लायसन्स निलंबित. मुंबई विमानतळावर उतरून घरची गाडी हातात घेतली की तोच माणूस कसारा घाटात ओव्हरटेक मारतो. दोन्ही वेळा रक्त एकच असतं.

आपल्याकडे दंडाच्या रकमा वाढल्या. केंद्राचा सुधारित मोटार वाहन कायदा सप्टेंबर २०१९ मध्ये लागू झाला, महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. पण ई-चलान मोबाइलवर येतं, साठत राहतं आणि ‘लोकअदालतीत कमी होईल’ म्हणून लोक वाट बघत बसतात. आज तोडलेल्या सिग्नलचा हिशोब दोन वर्षांनी सवलतीत होणार असेल तर त्या दंडाची भीती कशी वाटणार?

नाशिकने करून बघितलेलं, आणि व्हिएतनामने करून दाखवलेलं

नाशिकने काहीच केलं नाही असं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहर पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. देशभर तिची बातमी झाली. त्याच वर्षी पुढे विनाहेल्मेट सापडलेल्यांना मुंबई नाक्याजवळच्या नाशिक फर्स्ट संस्थेच्या ट्रॅफिक पार्कमध्ये नेऊन समुपदेशनाला बसवलं जायचं. दोन तास वर्गात बसायचं म्हणजे काय, ते ऑफिसला उशीर झालेल्या कुणालाही विचारा. दंडापेक्षा तेच जास्त लागलं.

पण पंपावर उसनं हेल्मेट घालून पेट्रोल भरायचं आणि पुढे जाऊन परत द्यायचं, हेही नाशिककरांनी पाहिलं. नियमाचा सगळा भार पंपावरच्या पोरावर पडला. मोहीम ढिली झाली तशी हेल्मेटं पुन्हा आरशाला लटकायला लागली.

याच्या शेजारी व्हिएतनाम ठेवून बघा. तिथेही घरोघरी दुचाकी, तिथेही डोक्याला हेल्मेट नको असायचं. सरकारने २००७ मध्ये तारखा जाहीर केल्या. आधी सप्टेंबरपासून महामार्गांवर आणि सरकारी कर्मचाऱ्यांना सक्ती. मग १५ डिसेंबरपासून देशातल्या प्रत्येक रस्त्यावर, चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही. निम्म्याहून कमी असलेला हेल्मेटचा वापर काही दिवसांतच ९० टक्क्यांच्या पुढे गेला. स्वस्त, तकलादू हेल्मेटांचा प्रश्न नंतर उरला, पण सवय टिकली.

फरक एवढाच की तिथे तारीख आधीच सांगितली गेली, सवलत कुणाला मिळाली नाही आणि मोहीम ‘संपली’ असं कधी झालं नाही.

दंड नाही, टिंगल

सगळं काही पोलिसांच्या काठीनेच होतं असंही नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा. १९९५ मध्ये तिथे अंतानास मोकुस नावाचे गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक महापौर झाले. त्यांनी चौकाचौकात चेहऱ्याला पांढरा रंग लावलेले मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रावर गाडी आणणाऱ्याची ते न बोलता नक्कल करायचे आणि सगळा चौक हसायचा. लोकांना कार्ड वाटली. एका बाजूला अंगठा वर, दुसऱ्या बाजूला अंगठा खाली. चांगलं चालवणाऱ्याला एक दाखवा, वाईट चालवणाऱ्याला दुसरं. पादचारी जिथे गेले तिथे रस्त्यावर तारे रंगवले.

लोकांना दंडाइतकीच, कधी कधी त्याहून जास्त, चारचौघांत हसू होण्याची भीती वाटते, हा मोकुस यांचा अंदाज होता. पुढच्या काही वर्षांत बोगोटातले अपघाती मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. त्यात बाकीच्या उपायांचाही वाटा होता, पण शहराचं वागणं बदलायची सुरुवात या चौकांतून झाली.

रस्ताच चूक माफ करणारा हवा

स्वीडनने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ नावाचं धोरण स्वीकारलं. त्यामागचा विचार साधा आहे. माणूस चुकणारच. पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू नसावी. म्हणून रस्ता बांधणारा आणि सांभाळणाराही अपघाताला जबाबदार. तिथे अनेक रस्त्यांवर मधोमध लोखंडी तारांचा दुभाजक टाकला. ड्रायव्हरला डुलकी लागली तरी तो समोरच्यावर जाऊन आदळत नाही. १९९७ मध्ये ५४१ मृत्यू होते, २०२२ मध्ये २२७.

‘ते स्वीडन आहे, इथे नाही होणार’ असं वाटत असेल तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे बघा. २०१६ मध्ये तिथे १५१ लोक गेले. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि पोलिसांनी मिळून एकेक धोक्याची जागा शोधली. उघडे खांब आणि कठडे झाकले, दुभाजकांच्या फटी बंद केल्या, रस्त्यावर उभ्या ट्रकवर लक्ष ठेवलं, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल असं बघितलं. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. ड्रायव्हर तेच, गाड्या त्याच, घाट तोच.

आणि उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरीतून जातो. रस्ता जगातल्या कुठल्याही रस्त्याच्या तोडीचा. तरी १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ लोक गेले. नुसता रुंद रस्ता पुरत नाही. ड्रायव्हरची झोप, बसची दारं आणि वेगावरची नजर, हे सगळं जोडीला लागतं.

मग नाशिकने काय घ्यायचं?

नाशिककडे एक तारीख आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला जाहीर झालंय. त्याआधी रस्ते रुंद होणार, पूल होणार. प्रश्न असा आहे की ते फक्त गाड्या लवकर पळवण्यासाठी होणार की माणसं वाचवण्यासाठीही?

इतर देशांच्या गोष्टींतून चार धडे तरी सरळ निघतात. धोक्याच्या चौकांची यादी करून रस्ता दुरुस्त करणं हे पहिलं काम, उपदेश नंतर. लायसन्सची परीक्षा खरी हवी. दंड थोडा असला तरी चालेल, पण तो प्रत्येक वेळी आणि लगेच व्हायला हवा. आणि जपानच्या जाफसारखं मोजून जाहीर करायला हवं. पाथर्डी फाट्यावर झेब्राच्या मागे किती गाड्या थांबल्या, कॉलेज रोडवर किती हेल्मेट दिसली, हे आकडे दरमहा बाहेर आले तर त्याचं रील नक्की चालेल.

आणि तुमच्या-माझ्या हातात काय? सगळे थांबेपर्यंत मी एकट्याने का थांबायचं, हा प्रश्न चुकीचा नाही. लाल सिग्नलला एकटेच थांबलात तर मागचा हॉर्न वाजवणारच. पण चौकात एक गाडी थांबली की तिच्या मागच्यालाही थांबावं लागतं, हेही तितकंच खरं आहे. जपानमधले शंभरातले सात जण २०१६ मध्ये असेच एकटे थांबत होते.

स्वीडनने तर एका दिवसात सगळ्या देशाची सवय बदलली होती. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे डावीकडून चालणाऱ्या सगळ्या गाड्या थांबल्या, हळूच उजव्या बाजूला गेल्या आणि पाच वाजता पुन्हा निघाल्या. त्याआधीच्या जनमत चाचणीत मोठ्या बहुमताने लोक या बदलाच्या विरोधात होते.

त्यामुळे पुढच्या वेळी ते जपानचं रील समोर आलं आणि खाली ‘आपल्या रक्तातच शिस्त नाही’ दिसलं, तर ७.६ टक्क्यांचा आकडा तिथे नक्की टाका. आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट घेतलं नसेल तर तेही घेऊन टाका.